वाचकांचे प्रश्न : दूध पुरत नाही, हे कशावरून?

प्रश्न : बाळ बारा दिवसांचं आहे. जन्मतः 2.9 किलो होतं, तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा 2.7, आज 2.88 भरलं. दिवसाला सात लंगोट ओले करतं. पण संध्याकाळी सारखं रडतं, दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं. दूध पुरत नाही म्हणून सासूबाईंनी पावडरच्या दुधाचा डबा आणला. तो पुरवून वापरायचा म्हणून 60 मिली पाण्यात एकच चमचा घालून दोनदा देतो. चालेल ना?
– एक बाळंतीण, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पातळ दूध आजच थांबवा. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, म्हणजे 60 मिलीला दोन. डब्यावरचं कन्नड-इंग्रजी अडत असेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. जादा पाण्याने पोट भरतं, वजन वाढत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. बाळ सुस्त झालं, प्यायला उठेनासं झालं, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

दूध कमी आहे असं मात्र तुमच्या आकड्यांवरून वाटत नाही. सुरुवातीला उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. तुमचं जवळजवळ आलंच आहे. ओल्या लंगोटांत डब्याच्या पाण्याचा वाटा आहे, म्हणून भरवसा काट्यावर ठेवा : रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. आशाताई 14 व्या दिवशी येतील, तेव्हा वजन करून घ्या. वाढ नसेल तर डॉक्टरांना दाखवा. डबा कमी करायचा तोही त्यांना विचारून. तोवर द्याल ते पूर्ण प्रमाणात आणि वाटी-चमच्याने.

संध्याकाळी सारखं पिणं या वयात नेहमीचंच. त्या वेळी डबा दिला की छाती रिकामी होत नाही, आणि जेवढी कमी रिकामी तेवढं दूध कमी बनतं. आळिवाची खीर खा, पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका.

बाळाने जांभईएवढं तोंड उघडलं की मगच छातीशी घ्या. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात हवा. नुसतं बोंड चोखलं तर चिरा पडतात आणि दूधही नीट येत नाही. नीट लागलं की गिळल्याचा बारीक आवाज ऐकू येतो.

आणि बारशाला कुणी मधाचं बोट चाटवायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा. मधातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वर्षाचं होईपर्यंत मध नकोच.