सुश्रुषा नव्हे हो, शुश्रूषा!

बेळगावातल्या एका सिस्टरांनी विचारलंय, दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आलंय, त्यात नर्सिंग डायग्नोसिसच्या, म्हणजे नर्सने केलेल्या निदानाच्या, रकान्याला मराठीत 'सुश्रुषा निदान' लिहिलंय ते बरोबर का, आणि पेशंट कोल्हापूरला पाठवला तर तिथल्या लोकांना ते कळणार का.

ताई, आधी ते 'सुश्रुषा' खोडायला सांगा. पेपरात सेवासुश्रुषा, सत्काराच्या भाषणात सेवासुश्रुषा, वाचून वाचून डोकं उठतं. लोकांना वाटतं सु म्हणजे चांगली, मग चांगली सेवा ती सुश्रुषा. अहो, यात 'सु' नाहीच. 'सु' आहे तो सुश्रुतात, सु अधिक श्रुत. शुश्रूषा आली श्रु म्हणजे ऐकणे या धातूपासून, पिणेवरून पिपासा आणि जाणणेवरून जिज्ञासा होते ना, अगदी तशी. म्हणजे शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा! गुरूचं ऐकायची ओढ, त्यावरून गुरूची सेवा, मग कुणाचीही सेवा, आणि शेवटी आजाऱ्याची.

आता माझं एक लाडकं म्हणणं. डॉक्टरांची चिकित्साही याच साच्यातली, कित् म्हणजे ओळखणे, ध्यानात घेणे. डॉक्टरला ओळखायची ओढ आणि नर्सला ऐकायची. व्याकरणवाले लगेच अंगावर येतात की चिकित्सेतला 'सन्' प्रत्यय, म्हणजे तो पुढचा स, इच्छेचा नाहीच, पाणिनीने गुप्, तिज्, कित् हे धातू ३.१.५ या सूत्रात वेगळे काढलेत. काढलेत, मान्य. पण घडण तीच आहे की नाही? धातूचं पहिलं अक्षर दोनदा आणि पुढे स. सूत्र पाठ म्हणून दाखवायचं आणि शब्द कानाने ऐकायचाच नाही, हे मला पटत नाही. आणि 'परिचर्या'च लिहा म्हणणाऱ्यांनाही सांगतो, शब्द चांगला आहे, चरकानेही रुग्णसेवकाला परिचर म्हटलंय, पण त्यात नुसतं भोवती फिरणं आहे, ऐकणं नाही. आपल्याकडं बघा, कन्नडमध्ये नर्सला शुश्रूषकी म्हणतात, तिथं शब्द जिवंत आहे आणि आपण मराठीवाले त्याला सु लावून बसलोय.

ऐकण्यावर एवढा जोर देतोय कारण तुमचं सगळं काम तिथनंच सुरू होतं. खानापूरकडची म्हातारी म्हणते "कसंतरीच व्हायलंय". याला कोड नाही, म्हणजे कॉम्प्युटरात लक्षणाला जो ठरलेला आकडा असतो तो नाही. सिस्टरने विचारून, ऐकून ठरवायचं की ही मळमळ का चक्कर का जीव घाबरणं. मळमळ असेल तर स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीमध्ये ४२२५८७००७, चक्कर असेल तर ४०४६४०००३. एकदा कोड बरोबर पडला की बेळगावात तो कन्नडमध्ये दिसू दे नायतर कोल्हापुरात मराठीत, अर्थ तोच पोचतो. पण ऐकण्यात चूक झाली तर चुकीचा कोड पण तितक्याच बिनचूकपणे पोचतो की! आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आयसीएनपी ही शब्दावलीसुद्धा आता स्नोमेड सीटीमधूनच मिळते, आणि भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य आहे, तेव्हा प्रत्येक दवाखान्याने आपापली यादी काढत बसायची गरज नाही.

आणि हो, 'निदान' शब्दावर काही डॉक्टरांचा आक्षेप असतो, निदान आम्हीच करणार म्हणून. न्युमोनिया हे त्यांचं निदान, खोकून बेडका काढता येत नाही हे तुमचं. रोग त्यांनी नाव देऊन सांगायचा, रोगाने माणसाचं काय झालंय ते तुम्ही. अमेरिकेत सेंट लुईसला १९७३ मध्ये नर्सेस जमल्या त्या याच नावांची यादी करायला, त्यामुळे शब्द बिनधास्त वापरा.

तर रकान्यात 'शुश्रूषा-निदान' लिहा. पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ, आणि षा पोटफोड्या.