मे महिना, गच्ची, भेळ-बोंबील आणि वाईन

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: शनिवारी संध्याकाळी पुण्यात घरी सहा जण, आधी गच्चीवर भेळ, कोथिंबीर वडी आणि आंब्याची डाळ, एक मित्र बोंबील तळून आणणार, शेवटी बाहेरून बिर्याणी. मागच्या वेळी दोन चांगल्या रेड आणल्या तर एक अर्धी राहिली आणि दुसरी उघडलीच नाही, मग यावेळी काय आणू.

पहिली गोष्ट, ती रेड वाईट नसणार, ती गरम होती. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली शिराझसारखी रेड म्हणजे काढा. 'रेड रूम टेंपरेचरला प्यायची' हे आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ती रूम युरोपातल्या जुन्या घरातली, १६-१८ डिग्रीची. आपल्याकडे रात्री नऊला स्वयंपाकघरात ३२ असतं, त्यात वाईनचं अल्कोहोल नाकात जातं आणि वरून मिरचीचं खाणं असेल तर घसा पेटतो. म्हणून उन्हाळ्यात माझ्या घरी सगळंच गार असतं, रेडसुद्धा. व्हाईट ८-१०, रोझे म्हणजे गुलाबी वाईन १०-१२, हलकी रेड १४-१५. थर्मामीटर लागत नाही, रेड दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवली की झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'माशाला व्हाईट, मटणाला रेड' हा हिशोब आपल्या ताटाला लागू पडत नाही कारण आपल्याकडे चव ठरवतो मसाला. भेळ घ्या. त्यात कुरमुरे नावाला, खरी भेळ म्हणजे चिंच-गुळाची चटणी, हिरवी मिरची, कांदा, कैरी, म्हणजे एका घासात गोड-आंबट-तिखट सगळं. याच्यासमोर एकदम ड्राय, म्हणजे अजिबात गोड नसलेली वाईन ठेवली तर गुळामुळे ती नुसती आंबट लागते. इथे शेनिन ब्लां ही व्हाईट आणा, आपल्याकडची शेनिन बहुतेक वेळा किंचित गोडसर असते आणि तेवढा गोडवा तिखटाला आवरतो. लोक तिला 'नवशिक्यांची वाईन' म्हणून नाक मुरडतात, मुरडू देत, भेळेबरोबर मी अजून हिच्याइतकं बरं काही प्यायलो नाही.

आंब्याच्या डाळीला मात्र तीच शेनिन फिकी पडते, हे मी दरवर्षी चैत्रात करून बघतो. कैरीचा आंबटपणा इतका असतो की वाईन त्याहून आंबट नसेल तर पाण्यासारखी लागते. तिथे सॉव्हिन्यॉन ब्लां, हीसुद्धा व्हाईट पण जास्त आंबट. हिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीसारखा एक वास असतो, दोघींमधलं वासाचं द्रव्य खरोखरच एका जातीचं आहे, आणि तो कैरी, कोथिंबीर, हिरवी मिरची यांच्याशी असा जुळतो की वाटावं हिच्यासाठीच फोडणी घातली. एक चमचा डाळ, वर हिंग-मोहरीची फोडणी अजून कोमट, आणि लगेच एक गार घोट, बस. कोथिंबीर वडीलाही हीच चालेल.

आता बोंबील. कृपा करून याच्याबरोबर रेड नको. मी एकदा हौसेने शिराझ घेऊन बसलो होतो आणि दुसऱ्या घासाला तोंडात स्टीलचा चमचा चाटल्यासारखी चव, पुढचा अर्धा तास गेलीच नाही. मला वाटलं बोंबील शिळे. नंतर कळलं की जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये याचं कारण शोधलंय, रेडमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असेल तर माशाबरोबर तो धातूसारखा, हिवसाण वास उठतो. त्यांनी वाळवलेले शिंपले वाईनमध्ये बुडवून बघितले होते, म्हणजे आपल्या सुकटीचं काय होईल याची कल्पना करा. तळलेल्या बोंबलाला हवी स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, बाटलीवर ब्रूट (म्हणजे गोड नसलेली) लिहिलेली. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तेल धुऊन काढतात, पुढचा तुकडा पहिल्यासारखाच लागतो. सुला कंपनीची आहे, शांदोंची नाशिकजवळ दिंडोरीत बनते, दोन्ही चालतील. हीच बाटली बटाटेवडा, साबुदाणा वडा, कुठल्याही तळणाला चालते.

बिर्याणी बाहेरची म्हणजे तिखट किती ते देव जाणे, म्हणून रोझे, चांगली गार. रेडच हवी असं कोणी अडून बसलं तर अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोव्हेसे ही रेड बघा, शिराझपेक्षा हलकी असते, पण वर सांगितलं तसं दीड-दोन तास फ्रिज. बाटलीवर अल्कोहोलचा आकडा वाचायची सवय लावा, १४ च्या पुढची असेल तर तिखटाबरोबर घेऊ नका, आग वाढते. आणि कोणी खर्डा किंवा ठेचा आणला तर त्याच्यासमोर वाईन ठेवूच नका, ताक ठेवा.

गोडाचं तुम्ही विचारलं नाही पण मे महिना आहे म्हणजे आमरस असणारच. लेट हार्वेस्ट शेनिन, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन मिळते, ती मस्त असते, पण साखर घातलेल्या आमरसाबरोबर ती केविलवाणी होते, कारण वाईन पदार्थापेक्षा गोड नसेल तर आंबट लागते. नुसत्या हापूसच्या फोडींबरोबर द्या, किंवा खारे काजू ठेवा आणि बघा.

गार करण्याबद्दल, कारण सहा जण आले की फ्रिजमध्ये जागा नसते. बादली घ्या, अर्धा बर्फ अर्धं पाणी, त्यात दोन मुठी जाडं मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत गार. नुसता बर्फ टाकू नका, खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटली लवकर गार होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका, मी विसरलोय, बूच वर आलेलं आणि अर्धी वाईन मटारच्या पिशवीवर. ग्लासात बर्फ घातला तर आकाश कोसळत नाही पण वाईन पातळ होते, त्यापेक्षा मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त असतात तेव्हा किलोभर धुऊन, पुसून फ्रीझरला टाकायची, तीच ग्लासात घालायची. आत्ता महाग असतील पण पावशेर पुरतात. ग्लास साधे काचेचे चालतील, फक्त अर्ध्याच्या खाली भरा, भरलेला ग्लास गच्चीवर दहा मिनिटांत कोमट होतो.

घेताना वर्ष बघा. नाशिककडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे गेल्या वर्षीची किंवा या वर्षीची व्हाईट मिळते, तीच घ्या, चार वर्षं जुनी बाटली दुकानदार 'जुनी म्हणजे भारी' म्हणून देत असेल तर हसून नको म्हणा. शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली तर अजिबात नको, मी अशी एक आणली होती, रंग पिवळ्याचा तपकिरी झालेला आणि चव उकडलेल्या सफरचंदाची. आतली मागा, शक्यतो फिरकीच्या झाकणाची. आणि घरी येताना डिकीत ठेवून भाजी घ्यायला थांबू नका.

किती आणायची? ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास निघतात. सहा जणांना दोन-दोन धरले तर बारा, म्हणजे तीन बाटल्या: एक स्पार्कलिंग, एक सॉव्हिन्यॉन, एक शेनिन. रोझे चौथी, बिर्याणीपर्यंत कोणी शुद्धीत असेल तर :) स्पार्कलिंग उघडली की त्याच रात्री संपवा, बाकीच्या झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात, उरलेली व्हाईट तिसऱ्या (शिंपल्या) वाफवायला वापरा. पाण्याचे जग मधे ठेवा, आणि गाडीवर आलेल्यांना परत जाताना कॅब करून द्या.

मागच्या वेळची न उघडलेली रेड ओट्याखाली गॅसशेजारी असेल तर आजच तिथून काढा आणि फ्रिजच्या भाजीच्या खणात आडवी टाका. जुलैत पाऊस लागला की मटणाच्या रश्श्याबरोबर तासभर आधी बाहेर काढून उघडा, तेव्हा कळेल ती काय होती ते.