केमो वॉर्डातून इंग्लंडला निघालेल्या बहिणीला

तू विचारलंस, "ताई, मी परळला केमो डे-केअरमध्ये सहा वर्षं काढली, तिकडे मला थेट कॅन्सरची स्पेशालिस्ट नर्स म्हणून घेतील का?" नाही घेणार. सुरुवात बँड ५ पासूनच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या साध्या नर्सच्या श्रेणीपासून. आधी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएसला लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७, किंवा मग आरोग्यसेवेतल्यांसाठीची ओईटी. तिथूनच सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, इथे आल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा, मग एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा पिन, नोंदणी क्रमांक. शिवाय केमो हजारदा लावली असलीस तरी इथला 'सॅक्ट पासपोर्ट', म्हणजे केमो देण्याच्या प्रशिक्षणाची आणि तपासणीची नोंदवही, पूर्ण होईपर्यंत एकटीने लावता येत नाही. मला ते फार लागलं होतं.

हात तुझे तयारच आहेत. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाची लाल सिरिंज हळूहळू देताना शिरेवरून नजर हटवायची नाही, हे दोन्हीकडे सारखंच. बदलतं ते बोलणं. स्पेशालिस्ट नर्स, म्हणजे बँड ६-७ ची सीएनएस (क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट), निदान सांगताना खोलीत असते, डॉक्टर उठून गेले तरी बसून राहते आणि पेशंटला आपला नंबर देते. आपल्याकडे "सिस्टर, बाबांना सांगू नका हं" म्हणत नातेवाईक दारातच अडवतात. इथे आधी पेशंटला सांगतात. घरच्यांना सांगायचं का, ते तो ठरवतो.

केमोच्या पेशंटांसाठीच्या फोन हेल्पलाइनवर मी नवी असताना एका आजोबांचा फोन आला. डोसेटॅक्सेल ही केमो घेतल्यानंतरचा नववा दिवस. म्हणाले, "नॉट टू बॅड, डिअर." मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला, रात्रभर कुडकुडत होते. ताप बघायला लावला: ३८.४. फोनवर विचारायच्या प्रश्नांच्या तक्त्यात सरळ लाल, म्हणजे तातडीचा रकाना. लगेच बोलावून घेतलं, कारण केमोनंतरचा ताप जिवावर बेतू शकतो, पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. तेव्हापासून पेशंट काहीही म्हणो, तक्त्यातला एकही प्रश्न मी गाळत नाही.

एजंटला एक पैसा देऊ नकोस. नोकरीसाठी नर्सकडून फी घेणं इथल्या भरतीच्या आचारसंहितेत बसत नाही. मी दिली होती, आईच्या पाटल्या मोडून. मध्येच नोकरी सोडली तर हॉस्पिटलने तुझ्यावर खर्च केलेले किती पैसे परत करावे लागतील, ते कलमही सहीआधी वाच.

निघण्यापूर्वी केमोच्या प्रशिक्षणाची आणि अनुभवाची लेखी पत्रं घेऊन ठेव. आणि रोज कुणाशी तरी इंग्रजीत बोल. समोरासमोर नको, फोनवरच.