गुडघा दुखतो म्हणून फुटबॉल बंद करायचा का?

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, आठवीत शिकतो. आम्ही मानेवाड्याला राहतो. चौथीपासून तो रेशीमबागेच्या मैदानावर आमच्या भागातल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. तीनेक महिन्यांपासून त्याचा उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखतो, तिथे टेंगूळही आलं आहे. गुडघे टेकले की कळवळतो. क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या संघाची निवड दिवाळीनंतर आहे, म्हणून त्याने बरेच दिवस दुखणं लपवलं. मार्चपासून त्याची उंची दोन इंचांनी वाढली. कोच सर म्हणतात, 'वाढीचं दुखणं आहे, खेलते खेलते जाता है.' शेजारच्या काकू मालीशवाल्याकडे न्यायला सांगतात. त्याचे बाबा म्हणतात, फुटबॉल पुरे, आता नीटच्या फाउंडेशन क्लासला घालू. तसंही या खेळात करिअर कुठे आहे? मी काय करू?
— एक आई, नागपूर

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देतो. फुटबॉल बंद करू नका, आणि आत्ता चाललंय तसं चालूही देऊ नका. 'खेळ' किंवा 'सोड' एवढंच त्या मुलाच्या कानावर पडतंय, म्हणून त्याने दुखणं लपवलं. खरं सांगितलं तर मैदान सुटेल ही भीती त्याच्या मनात आहे. ती भीती गेल्याशिवाय गुडघ्याबद्दलही तो तुम्हाला खरं सांगणार नाही.

मी डॉक्टर नाही आणि पत्र वाचून निदान करणार नाही. पण खेळणारी मुलं आणि त्यांचे पालक माझ्याकडे येतात, त्यांच्यात तुम्ही लिहिलेलं वर्णन वारंवार ऐकायला मिळतं. भरभर वाढणारं मूल, वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ, पळताना-उडी मारताना कळ आणि गुडघे टेकले की जास्त. याला डॉक्टर ऑस्गूड-श्लॅटर म्हणतात. बोस्टनचे ऑस्गूड आणि झुरिकचे श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. टाचेच्या मागच्या बाजूला असंच दुखलं तर त्याला सिव्हर म्हणतात. ते साधारण आठ ते चौदा या वयात दिसतं आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत पुष्कळ आढळतं.

होतं असं की या वयात हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात, तिथे वाढीचा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा भाग असतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीवर नेमक्या अशाच कच्च्या जागी जोडलेला असतो. हाड झपाट्याने लांब होतं, स्नायू त्या मानाने ताठ राहतात, आणि प्रत्येक किक, प्रत्येक धाव, प्रत्येक उडी त्या जागेला ओढते. मोठ्या माणसात हा ताण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, म्हणजे कंडरेवर येतो. मुलात कंडरेपेक्षा तो कच्चा भागच कमकुवत असतो, म्हणून तो दुखावतो. हाड पूर्ण पक्कं झालं की दुखणं बहुतेकांचं आपोआप थांबतं. टेंगूळ मात्र कधीकधी कायम राहतं, त्याने काही बिघडत नाही.

म्हणजे कोच सरांचं अर्धं बरोबर आहे. वाढीचंच दुखणं असावं. पण ते 'खेळता खेळता' जात नाही. खेळ मापात ठेवला तर जातं, आणि त्यालाही काही महिने लागतात, मध्ये एखादेवेळी पुन्हा डोकं वर काढतं.

तरी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. मेडिकलची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी आहे, मिहानमधलं एम्स आहे, किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर पाठवतील तिथे. दाखवायचं कारण हे की वाढीच्या वयात काही दुखणी सोंग घेऊन येतात. मुलगा रात्री झोपेतून दुखून उठत असेल, ताप असेल, गुडघा सुजून गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा न खेळताही दुखत असेल, तर थांबू नका. आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते: खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. मुलगा लंगडत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून टाकत असेल, विशेषतः अंगाने जाड असेल, तर मांडीच्या हाडाचं वरचं टोक सरकलेलं असू शकतं. तिथे एक दिवसही घालवायचा नसतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण तुम्ही स्वतः बघून खात्री करा.

मालीशवाल्याकडे नेऊ नका. त्या टेंगळावर जोर लावून चोळलं तर दुखावलेली जागा आणखी दुखावते. मॅचआधी वेदनाशामक गोळी देऊन उतरवणं तर मुळीच नको. कळ म्हणजे थांबण्याची खूण, तीच दाबून टाकली तर त्याला कळणार कसं? खेळून आल्यावर कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर बरं वाटतं.

आता मापाचं. एक वही घ्या आणि आठवडाभर त्याच्या पळण्याचे तास लिहा. क्लबचा सराव, शाळेच्या टीमचा सराव, रविवारची मॅच, आणि त्याने सकाळी स्वतःहून सुरू केलेलं रनिंगही. क्लबला वाटतं मुलगा आमच्याकडे दीड तासच खेळतो, शाळेला वाटतं आमच्याकडे तासभरच. बेरीज कोणीच करत नाही, आणि दुखावलेल्या मुलांच्या बाबतीत मला बहुतेक वेळा हीच गोष्ट सापडते. क्रीडावैद्यकातला एक ढोबळ नियम असा की मुलाचं जेवढं वय, आठवड्याला तेवढ्याच तासांपेक्षा जास्त शिस्तबद्ध खेळ नको. तेराव्या वर्षी तेरा तास, तेही गुडघा ठणठणीत असताना. आठवड्यात किमान एक पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात सगळे मिळून दोन-तीन महिने तरी या एका खेळापासून रजा हवी. नागपुरात मे महिना पंचेचाळीस अंशाला जातो, निसर्गच रजा देतो. तेव्हा उन्हाळी शिबिरात घालून आपण ती हिसकावून घेऊ नये.

दुखण्यासाठी त्याला दहापैकी गुण द्यायला शिकवा. खेळताना दोन-तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पूर्ण उतरलेलं, तर चालेल. त्याहून जास्त, किंवा सकाळी जिना उतरताना दुखतंय, तर पुढच्या सरावात धावणं आणि उड्या कमी. लंगडतोय म्हणजे त्या दिवसाचा खेळ संपला. मांडीच्या स्नायूंना बळकटी आणि लवचिकता देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. बूटही बघा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यानंतर वाळली की दगडासारखी होते. तिच्यावर लांब, टोकदार स्टड घालून पळणं गुडघ्याला आणि टाचेला सोसत नाही. कडक मैदानासाठी बारीक-बारीक पुष्कळ स्टडचे बूट मिळतात, ते घ्या. आणि झोप! या वयाला आठ ते दहा तास लागते. सहाच्या ट्यूशनसाठी पाचला उठणारं आणि अकराला झोपणारं मूल मैदानावरही दुखावतं आणि वर्गातही पेंगतं.

यापुढचा मुद्दा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरी तुम्ही तो विचारला नाहीत. खेळ कमी करायचा म्हणजे क्लब कमी करायचा नाही. चौथीपासून तो तिथे जातोय. त्याची दोस्ती तिथली, त्याला रागावणारे मोठे पोट्टे तिथले, त्याच्याकडे बघून खेळणारे लहान तिथले. दुखापत झालेल्या मुलाला घरी बसवलं की गुडघा बरा होईपर्यंत त्याचा उत्साह मोडतो, आणि पुष्कळ मुलं मग परत जातच नाहीत. म्हणून त्याने नेहमीच्या वेळी मैदानावर जायचं. धावायचं नसेल त्या दिवशी उभ्याने पासिंग, चेंडू थांबवणं, डाव्या पायाचा स्पर्श सुधारणं. लहान मुलांच्या सरावात सरांना हाताशी राहायचं. मॅचमध्ये लाइनवर झेंडा घ्यायचा, किंवा वही घेऊन बसायचं: आपल्या संघाने चेंडू कुठे गमावला, कोणत्या बाजूने गोल खाल्ले. खेळताना जे दिसत नाही ते बाहेर बसून दिसतं.

सरांशी तुम्ही दोघांनी मिळून बोला. तक्रार म्हणून नको. वस्तीतले क्लब चालवणारी ही माणसं बहुतेक स्वतःचा वेळ आणि खिशातले पैसे घालतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना तीन गोष्टी सांगा. दर महिन्याला सगळ्या मुलांची उंची भिंतीवरच्या खुणेवर मोजून लिहावी. मुलांची उंची सर्वांत वेगाने साधारण चौदाच्या आसपास वाढते, मुलींची बाराच्या. कोणाची वाढ अचानक वेग घेताना दिसली की त्याचं धावणं-उड्या थोड्या कमी कराव्यात. तुमच्या मुलाचे सहा महिन्यांत दोन इंच म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटरचा वेग, तो ऐन उसळीत आहे. दुसरं, सरावाआधीचं वॉर्म-अप. फिफाचा 'इलेव्हन प्लस किड्स' हा सात ते तेरा वयाच्या मुलांसाठीचा वीसेक मिनिटांचा व्यायामक्रम आहे, त्याला चेंडूशिवाय वेगळं सामान लागत नाही. युरोपातल्या चार देशांत तो तपासला तेव्हा मुलांच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. तिसरं थोडं नाजूक आहे. उसळीच्या काळात हात-पाय अचानक लांब होतात आणि मुलगा काही महिने बेंगरूळ दिसतो. पहिला स्पर्श बिघडतो, वळताना अडखळतो. ते 'याच्यात दम नाही' याचं लक्षण नाही.

निवडीचंही त्यातच येतं. पंधरा वर्षांखालच्या निवडीत लवकर वाढलेली आणि जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं बहुधा उजवी ठरतात, कारण वय जानेवारीपासून मोजलं जात असल्याने ती त्या दिवशी मोठी आणि ताकदवान असतात. इंग्लंडमधल्या क्लबांनी यावर उपाय म्हणून वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. तुमच्या मुलाची ही निवड हुकली तरी पुढच्या वर्षी तो चौदाचाच असेल. शाळेकडून खेळायचा सुब्रतो करंडक पंधरा वर्षांखाली आणि सतरा वर्षांखाली असा आहे, म्हणजे त्याच्यासमोर अजून बरेच मोसम आहेत.

त्याच्या बाबांच्या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर देतो, कारण प्रश्न रास्त आहे. निव्वळ खेळून फुटबॉलवर पोट भरणारी माणसं भारतात थोडी आहेत. रेल्वे, पोलीस अशा खात्यांत खेळाडूंची भरती होते, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी ठरावीक स्पर्धांतलं यश लागतं, नुसता क्लबचा सहभाग पुरत नाही. म्हणून 'हा खेळूनच कमावेल' या भरवशावर अभ्यास सोडू देऊ नका. पण 'खेळाडू होणार नाही, म्हणजे फुटबॉल वाया' हा हिशेबही चुकीचा आहे. नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. २०१६ मध्ये त्या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. खेळाभोवती प्रशिक्षक, पंच, व्यवस्थापन, क्रीडाशास्त्र अशी बरीच कामं असतात. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या प्रशिक्षक परवान्यांची पायरी डी लायसन्सपासून सुरू होते, ती अठराव्या वर्षानंतर चढता येते. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या शेजारीच आहे, १९१४ पासूनचं.

आणि बाबांना हे जरूर सांगा: महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो. ज्या मुलाने स्वतःचा गुडघा वहीत नोंदी ठेवून सांभाळला, त्याला जीवशास्त्र कशासाठी शिकायचं हे वेगळं समजवावं लागत नाही. तो तिकडेच जाईल असं मी म्हणत नाही. आठवीत ते ठरवायचंही नसतं. फाउंडेशनचा निर्णय नववीच्या सुरुवातीला घ्या, त्याला विज्ञान-गणित आवडतंय का हे बघून. आणि क्लासच्या बदल्यात मैदान काढून घेऊ नका. घातलंच तर असा क्लास बघा, ज्याच्या वेळेत आठवड्याचे चार दिवस संध्याकाळ मोकळी राहील.

निवडीचं असं करा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्याच्याकडून उजव्या पायावर दहा उड्या मारून घ्या आणि जिना चढ-उतार करायला सांगा. कळ दोन-तीनच्या आत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्याने निवडीला जावं. नसेल, तर त्याच दिवशी सरांना स्वतः फोन करा, मुलाला सांगायला लावू नका, आणि निवडीच्या सकाळी मैदानावर मदतीला कोण हवंय ते विचारून त्याला तिकडे पाठवा.