स्टीव्ही रे ऐकायला कुठून सुरुवात करू?

अरे, 'सोलोज, सेशन्स अँड एन्कोअर्स' पहिल्याच दिवशी लावू नकोस. 2007 चा हा संग्रह अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन गेल्यानंतर सतरा वर्षांनी आला आणि त्यात तो बहुतेक दुसऱ्यांच्या पंगतीत बसलाय. त्याचा स्वतःचा आवाज कानात नसेल, तर दोन गिटारींत तो कुठला हेच कळणार नाही. आधी त्याचा 1983 चा अल्बम 'टेक्सस फ्लड' आठवडाभर ऐक.

मग संग्रहातलं डेव्हिड बोवीचं 'लेट्स डान्स' लाव. नाचाचं गाणं, आणि सोलोमध्ये, म्हणजे गिटारच्या एकट्या तुकड्यात, स्टीव्ही पठ्ठ्या चक्क ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगची भाषा बोलतो! मोजके सूर, मध्ये मोकळी जागा, एकेक तार ताणून रडवलेली. अल्बर्ट डावखुरा, गिटार उलटी धरायचा, त्यामुळे तार वर ढकलण्याऐवजी खाली ओढायचा. स्टीव्हीने तोच परिणाम सरळ गिटारवर आणला. हे कळलं की त्या दोघांचं एकत्र वादन ऐकताना खरी मजा येते. सर्फ गिटारवादक डिक डेलबरोबरचं 'पाइपलाइन' मात्र निव्वळ धमाल, त्यात फार शोधू नकोस.

वाजवत असशील तर एक सांगतो. त्याच्या जाड तेराच्या तारा (सगळ्यात बारीक तार 0.013 इंचाची) लगेच चढवू नकोस. तोसुद्धा गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, म्हणजे तारांचा ताण कमी. मी हट्टाने नेहमीच्याच सुरात चढवल्या आणि पंधरा दिवस बोटं घेऊन बसलो. तुला बारीक नवाच्या पुरेत.