मुक्कामी बालशिबिर : दिवस कसा जातो, आणि रात्र?

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीचे पाच दिवसांचे मुक्कामी बालशिबिर पाचगणीला भरणार असून, मित्र जाणार म्हणून त्यानेही हट्ट धरला आहे. तो आजवर एकही रात्र आमच्यावाचून राहिलेला नाही आणि अधूनमधून झोपेत अंथरूण ओले करतो. ताई, शिबिरात मुलांचा दिवस कसा जातो? की यंदा त्याला चर्चमधल्या सुट्टीतील बायबल शाळेतच घालावे?
– एक आई, सोलापूर

उत्तर : दिवसाची काळजी तुम्ही करू नये. सकाळी सहाला घंटा होते, कवायत होते आणि त्यानंतर ‘शांत वेळ’ ठेवलेली असते. प्रत्येकाने आपले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन एखाद्या झाडाखाली एकट्याने बसायचे. या वयाची मुले त्यातला निम्मा वेळ मुंग्या पाहण्यात घालवतात, आणि गटप्रमुख म्हणून अनेक उन्हाळे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की त्यात काही बिघडत नाही. न्याहारीला पोहे किंवा उपमा असतो, पण आधी प्रार्थना. मग ताटल्या ज्याने त्याने धुवायच्या. खोलीची तपासणी होते आणि नीट घातलेल्या घडीला गुण मिळतात. घरी चादरीला हात न लावणारी मुले या गुणांसाठी भांडतात, हे पाहून आया थक्क होतात.

त्यानंतरचे दोन तास हे शिबिराचे खरे काम. गाण्यांच्या तासाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर होतात आणि हातवाऱ्यांची नवी गीते गिटारवर; मग वयोगटानुसार शास्त्रपाठ आणि पाठांतर. बायबलमधले तेविसावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे असल्यामुळे लहान गटाला ते पाच दिवसांत सहज येते. दुपारी हस्तकला, उन्हे उतरल्यावर लगोरी किंवा खो-खो, आणि संध्याकाळी उधळ्या पुत्राच्या दाखल्यासारख्या (बापाचा पैसा उडवून डुकरे राखायची वेळ आलेल्या मुलाची येशूने सांगितलेली बोधकथा) एखाद्या गोष्टीचे नाटुकले, ज्यात डुकरांची भूमिका करायला सर्वांत जास्त उमेदवार असतात.

प्रश्न उरतो तो रात्रीचा. दिवे मालवल्यावर पहिल्या दोन रात्री कुणी ना कुणी मुसमुसतेच, आणि एकाचे ऐकून दुसऱ्यालाही घर आठवते. तिसऱ्या दिवसापासून हे बहुधा ओसरते. अंथरुणाची गोष्ट मात्र लाजेपोटी लपवून ठेवू नका. नोंदणीच्या अर्जावर ती स्पष्ट लिहा आणि त्याच्या खोलीत झोपणाऱ्या दादांशी निघण्यापूर्वीच बोला, म्हणजे ते त्याला रात्री एकदा उठवतील आणि पहाटे चादर कुणाच्या नजरेस न पडता बदलली जाईल. एका शिबिरात अशा एका मुलाच्या घरच्यांनी काहीच कळवले नव्हते. सकाळी सगळ्या खोलीसमोर त्याची जी फजिती झाली, ती आम्हाला टाळता आली असती. रबरी कापड, दोन जादा चादरी आणि चार जादा पायजमे द्या. पाचगणी सुमारे 1,300 मीटर उंचीवर असल्याने सोलापुरात घामाच्या धारा लागलेल्या असतानाही तिथे पहाटे गारवा असतो, म्हणून स्वेटरही हवा.

सुट्टीतील बायबल शाळेला मी कमी लेखत नाही. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये एलिझा हॉज या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी बिअरचा गुत्ता भाड्याने घेऊन असा वर्ग चालवला, तेव्हापासून सकाळी जाऊन दुपारी घरी परतण्याची ही सोय असंख्य मुलांच्या कामी आली आहे. तुमचा मुलगा अंथरुणाच्या भीतीने स्वतःच कचरत असता, तर मी तीच सुचवली असती. पण हट्ट त्याचा आहे आणि सोबत मित्र आहे, तेव्हा त्याला पाठवा. त्याआधी दोन रात्री मामाकडे किंवा आत्याकडे एकटा ठेवून पाहा.

रोज फोन करण्याचा आग्रह धरू नका. आईचा आवाज ऐकला की सावरलेले मूलही पुन्हा रडू लागते. त्याऐवजी पत्ता लिहिलेली दोन पोस्टकार्डे त्याच्या पिशवीत घाला. त्यावर त्याने उपमा खारट होता एवढेच लिहून पाठवले, तर मुलगा मजेत आहे असे समजावे.