पाणी दाबले जाते का?

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत शिकवले की वायू दाबता येतात, द्रव दाबता येत नाहीत. घरी आम्ही सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरले, तोंड बोटाने बंद केले आणि दट्ट्या दाबून पाहिला. तो जागचा हलला नाही. मात्र खोल समुद्रातले पाणी दाबामुळे अधिक दाट होते, म्हणजे त्याची घनता वाढते, असे एका लेखात वाचनात आले. यांतले खरे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाणी दाबले जाते, फक्त ते इतके थोडे दाबले जाते की घरातल्या कोणत्याही प्रयोगात ते डोळ्यांना दिसणार नाही. नेहमीच्या तापमानाला पाण्यावरचा दाब एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याने) वाढवला, तर त्याचे आकारमान दहा लाख भागांत सुमारे ४६ भागांनी घटते. म्हणजे हजार लिटर पाण्यावर सर्व बाजूंनी एवढा जादा दाब दिला, तर ते जेमतेम ४६ मिलिलिटरने कमी होईल.

आता तुमची सिरिंज पाहू. ती दहा मिलिलिटरची असेल आणि अंगठ्याचा जोर चार किलो वजनाइतका धरला, तर आतल्या पाण्यावर साधारण दोन वातावरणांचा जादा दाब येतो आणि तेवढ्याने दट्ट्या मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका आत सरकतो. तो खरोखरच सरकलेला असतो, पण आपल्याला ते कळत नाही. उलट दट्ट्या थोडा दबल्यासारखा वाटलाच, तर तो परिणाम बहुधा त्याच्या टोकाच्या रबराचा किंवा आत राहून गेलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. हवेचे रेणू एकमेकांपासून दूर असल्यामुळे दाब दुप्पट केला की तिचे आकारमान निम्मे होते. पाण्याचे रेणू मुळातच एकमेकांना खेटून असतात आणि त्यांना आणखी जवळ आणू गेले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण वेगाने वाढते. म्हणून नेहमीच्या दाबाला पाणी हवेपेक्षा वीस हजारांहून अधिक पटींनी कमी दाबले जाते. पोलाद तर पाण्याहूनही सुमारे सत्तर पट कमी दाबले जाते, पण तेही दाबले जातेच. पूर्णपणे असंपीड्य, म्हणजे मुळीच न दाबला जाणारा, असा पदार्थ नाही.

हा प्रश्न सोडवायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या अकादमीतील प्रयोगकर्त्यांनी चांदीचा पोकळ गोळा पाण्याने भरून बंद केला आणि हातोड्याने ठोकला. गोळा चेपला की त्याचे आकारमान घटते, त्यामुळे आतले पाणी दाबले जायला हवे होते. प्रत्यक्षात ते धातूतून पाझरून दवासारखे बाहेर आले, आणि पाणी दाबले जात नाही ही समजूत पुढे सुमारे शंभर वर्षे टिकली. त्या प्रयोगात इतका सूक्ष्म फरक मोजण्याची सोयच नव्हती. ती सोय लंडनमधील शाळामास्तर जॉन कँटन यांनी १७६२ च्या सुमारास केली. काचेच्या फुग्याला केसासारखी बारीक नळी जोडली, की फुग्यातल्या पाण्याच्या आकारमानात नगण्य बदल झाला तरी नळीतली पातळी डोळ्यांना दिसेल इतकी सरकते. त्यांनी काढलेला आकडा आजच्या आकड्याच्या अगदी जवळचा आहे. साध्या काचेच्या नळीने हे साधले, याचे मला फार कौतुक वाटते.

तुमच्या लेखातली गोष्टही खरी आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. समुद्रातील सर्वांत खोल जागा असलेल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर, तो हजार वातावरणांच्या पुढे जातो आणि तिथल्या पाण्याची घनता दाबामुळे सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेली असते. महासागरांची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर आहे, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर पाणी मुळीच दाबले जात नसते, तर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे तीस मीटर वर असती.

मग शाळेत चुकीचे शिकवतात का? तसे म्हणणार नाही. नळातला प्रवाह, कालव्याचे गणित, वाहनाचे हायड्रॉलिक ब्रेक यांसाठी द्रव असंपीड्य मानणे पुरेसे आणि सोयीचे आहे. मात्र ‘दाबले जात नाहीत’ याऐवजी ‘फारच थोडे दाबले जातात’ असे मुलांना सांगावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण हा थोडेपणा प्रत्यक्षात कामाला येतो. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षाच्या सिलिंडरची ठरावीक मुदतीने ‘हायड्रो टेस्ट’ करावी लागते. त्यात साधारण २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरला जाणारा सिलिंडर पाण्याने भरून त्याच्या दीडपटीहून अधिक दाबाला तपासतात. हेच हवेने केले आणि सिलिंडर फुटला, तर दाबलेली हवा स्फोटासारखी पसरेल; पाणी फार थोडे दाबले गेलेले असल्याने त्यात साठलेली ऊर्जा शेकडो पटींनी कमी असते आणि दाब चटकन उतरतो. तरीही तो थोडेपणा शून्य धरून चालत नाही. साठ लिटरच्या सिलिंडरात ३३० बार दाब होईपर्यंत निव्वळ पाणी दाबले गेल्यामुळेच जवळजवळ पाऊण ते एक लिटर जादा पाणी आत जाते. म्हणून पंपाने आत गेलेल्या पाण्यावरून सिलिंडर किती फुगला हे काढण्याच्या पद्धतीत आधी तेवढे पाणी वजा करावे लागते, नाहीतर सिलिंडर प्रत्यक्षात फुगला त्यापेक्षा जास्त फुगल्यासारखा दिसेल.